जुन्या रेसिंग डिंगीचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

जुनी रेसिंग डिंगी, म्हणजे शर्यतीची छोटी शिडाची बोट, हाती आली की दोन गोष्टी एकदमच सुचतात. एक, तिला घासून-रंगवून पाण्यात लोटावी. दुसरी, ती कोणी बांधली, कोणी चालवली, कुठल्या शर्यतीत उतरली हे शोधावं. यातलं पहिलं काम आधी केलं तर ते दुसऱ्याच्या मुळावर येतं. डिंगीचा इतिहास कागदावर फार थोडा असतो. बाकीचा लाकडात, रंगाच्या थरांत आणि बुजवलेल्या भोकांत असतो, आणि पॉलिशपेपर तो कायमचा पुसून टाकतो.

आधी घासणं, मग पाहणं

लाकडी डिंगीवर हल नंबर, म्हणजे बोटीच्या धडाचा क्रमांक, बहुधा कोरलेला असतो, पण कुठे ते क्लासगणिक (क्लास म्हणजे एकाच नियमांत बसणाऱ्या बोटींची जात) आणि बांधणाऱ्यागणिक बदलतं. ट्रान्सम म्हणजे मागच्या सपाट फळीची आतली बाजू, बसायच्या आडव्या फळीची कड, सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीची वरची पट्टी, डेकखालच्या आडव्या तुळया आणि तळाच्या मध्यावरून जाणारी लांब पट्टी, एवढ्या जागा तरी बघायच्याच. व्हार्निशचे पाच-सहा हात चढलेले असले की आकडा समोर असूनही दिसत नाही. म्हणून खोलीत अंधार करा आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खोबणीच्या एका कडेला सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवा आणि ६बी सारखी मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. आकडा कागदावर उतरतो.

इथे इंग्रजी 3 आणि 8 हमखास फसवतात. खोबणीत व्हार्निश साचून 3 ची उघडी बाजू भरते आणि तो 8 वाटायला लागतो. 1 आणि 7 चंही तसंच. त्यामुळे टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. एकाच फोटोवर भरवसा ठेवू नका. वायरब्रश, खरवडणी, पेंट रिमूव्हर यातलं काहीही या जागांना लावायचं नाही. उथळ कोरलेला आकडा ८० नंबरच्या पेपरने आणि मशीनने दोन मिनिटांत जातो.

ट्रान्समवरचं पुसलेलं नावही असंच सापडतं. अक्षरांखालच्या लाकडाला ऊन कमी लागलेलं असतं, त्यामुळे तिथली छटा शेजारच्यापेक्षा वेगळी राहते. पूर्वीचे रंग पाहायचे तर बटणाएवढी एकच जागा निवडा आणि १२०, २४०, ४०० या क्रमाने पाण्यात भिजवून घासा. एकात एक रंगांची कडी दिसतात, सगळ्यात आतलं कडं सगळ्यात जुनं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि मास्क लावा.

फिटिंग काढण्याआधी प्रत्येकाचा जागेवरचा फोटो हवाच. दोरी अडकवायचे क्लीट, पुली, ट्रॅक निघाले की खाली जुनी, लाकडी खुंट्यांनी बुजवलेली भोकं दिसतात. शीट (शीड ओढायची दोरी) पूर्वी कुठून ओढली जात होती, ट्रॅपीझ (खलाशाला बोटीबाहेर लटकता यावं म्हणून डोलकाठीवरून सोडलेली तार) नंतर बसवलं का, हे त्यावरून कळतं. स्क्रूही जपून ठेवा, पाकिटावर जागा लिहून. सरळ खाचेचा पितळी स्क्रू जुना असण्याची शक्यता जास्त. फुलीसारख्या खाचेचा पोझिड्राइव्ह स्क्रू १९६० च्या दशकापूर्वीचा नसतोच. मात्र एका स्क्रूवरून बोटीचं वय ठरवू नका, स्क्रू बदलले जातात. डेकखाली, कोणाचा हात न पोचलेल्या जागी सापडलेल्या स्क्रूची साक्ष जास्त वजनदार.

शिडावरचा नंबर बोटीचाच धरणं

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. रेसिंग डिंगीच्या आयुष्यात शिडांचे कितीतरी संच होतात. जुनं शीड दुसऱ्या बोटीला विकलं जातं आणि पुढे त्या बोटीबरोबर तिसऱ्या माणसाकडे जातं. हातात आलेल्या शिडावर २१४७ आहे याचा अर्थ एवढाच, की ते कधीतरी २१४७ नंबरच्या बोटीवर होतं. किंवा तिच्यासाठी शिवलं गेलं होतं.

शीड उजेडासमोर धरा. काढलेल्या आकड्यांच्या शिवणीची भोकं रांगेने दिसतात, चिकटवलेले आकडे निघाले असले तर गोंदाचा फिकट डाग राहतो. शिडाच्या खालच्या पुढच्या कोपऱ्याजवळ शिडकऱ्याचं लेबल असतं, तेही टिपा. कापडही बोलतं. टेरिलीन या कृत्रिम धाग्याचा शोध १९४१ चा, पण शिडांत ते आलं १९५० च्या दशकात. त्याआधी सुती शिडं होती. १९४७ च्या बोटीवरचं टेरिलीन शीड मूळचं असूच शकत नाही.

अक्षरांचा घोळ वेगळाच आहे. आंतरराष्ट्रीय क्लासच्या जुन्या शिडांवर देशाचं एक-दोन अक्षरी चिन्ह असे: के म्हणजे ब्रिटन, केए ऑस्ट्रेलिया, केझेड न्यूझीलंड, केसी कॅनडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन अक्षरी चिन्हं आली. जुन्या शिडावरचं ए किंवा झेड निखळून पडलं की उरतो नुसता के, आणि शोध थेट दुसऱ्या खंडात भरकटतो. त्या जागी शिवणीची भोकं आहेत का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एफ हे जुन्या फ्रेंच बोटींचं चिन्ह होतं आणि फायरफ्लाय क्लासच्या नंबराआधीही एफच येतं. एन नॉर्वेचं आणि नॅशनल १२ चंही. म्हणून अक्षर वाचायच्या आधी क्लास पक्का करा. काही क्लासमध्ये नंबर बोटीचा नसून खलाशाचा असतो आणि त्याच्या पुढच्या बोटीवर जातो, हेही ध्यानात असू द्या.

हलवरचा आकडा आणि शिडावरचा आकडा जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर हल खरा मानायचा.

क्लास नुसत्या लांबीवरून ठरवणं

आधी लांबी नीट मोजा. बोट समतल ठेवा, पुढच्या टोकापासून आणि ट्रान्समपासून ओळंबा सोडा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं सरळ अंतर घ्या. सुकाणूच्या बिजागऱ्या धरायच्या नाहीत. कडेच्या वळणावरून टेप लावला तर मोजमाप काही सेंटिमीटर जास्तच येतं.

आणि बरोबर मोजूनही काम संपत नाही. ४.२७ मीटर आली तर ती जीपी१४ असेल, मर्लिन रॉकेट असेल किंवा इंटरनॅशनल १४ असेल, तिन्ही १४ फुटी. पुढचा पुरावा बांधणीत शोधायचा. जीपी१४ प्लायवूडच्या सपाट तुकड्यांची, कोन पडलेल्या तळाची. शिडावर घंटेचं चिन्ह. मर्लिन रॉकेटच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या. फायरफ्लाय १२ फुटी, गोल गुळगुळीत. आत जवळजवळ फासळ्या नाहीत, कारण लाकडाचे पातळ पापुद्रे तिरके रचून, गोंद लावून, मोठ्या भट्टीत दाबाखाली भाजून तिचा हल बनवलेला. एंटरप्राइझ ४.०४ मीटर, निळी शिडं. मिरर ३.३ मीटर, लाल शिडं, पुढचं टोक चपटं. पण शिडं हरवलेली असली तर नुसत्या चपट्या टोकावरून मिरर ठरवू नका, कॅडेट आणि ऑप्टिमिस्ट या क्लासच्या बोटींचं टोकही चपटंच असतं.

वन-डिझाइन आणि रिस्ट्रिक्टेड क्लास यांतला फरक विसरू नका. पहिल्यात सगळे हल एका आराखड्याचे. दुसऱ्यात नियमांच्या चौकटीत प्रत्येक डिझायनर आपला आकार आणतो. इंटरनॅशनल १४, नॅशनल १२, मर्लिन रॉकेट या दुसऱ्या जातीच्या. ब्रिटिश डिझायनर उफा फॉक्स यांची १९२८ सालची ‘अ‍ॅव्हेंजर’ ही १४ फुटी बोट पाण्यावर उठून घसरत धावे आणि त्या मोसमात तिने ५७ पैकी ५२ शर्यती जिंकल्या. सोबतच्या बोटी त्याच क्लासच्या होत्या, फरक आकाराचा होता. तेव्हा अशा बोटीबद्दल विचारताना नुसता क्लास सांगून भागत नाही. डिझायनर आणि डिझाइनचं नाव शोधावंच लागतं.

पाटीवरचं नाव म्हणजे बांधणारा, असा समज

पाटीवर जॅक होल्ट या ब्रिटिश डिझायनरचं नाव लिहिलंय म्हणून ती जॅक होल्ट यांनी बांधली असं नाही. मर्लिन, जीपी१४, एंटरप्राइझ हे त्यांचे आराखडे, आणि त्यांच्या नावाची कंपनी किट (घरी जोडायच्या तयार भागांचा संच) व फिटिंगही विकत असे. इयन प्रॉक्टर यांचंही असंच. वेफेरर त्यांचं डिझाइन, पण ते धातूच्या डोलकाठ्याही बनवत. डोलकाठीवरचं प्रॉक्टर हे लेबल फक्त डोलकाठीबद्दल सांगतं. फायरफ्लायचे हल बनवणाऱ्या फेअरी मरीन या ब्रिटिश कंपनीचे कोरे हल घेऊन इतरांनी डेक, पेटी, बाकं बसवून पूर्ण केलेल्या बोटीही आहेत. तिथे हल एकाचा आणि बांधणारा दुसरा, दोन्ही नावं लिहून ठेवायची.

नंबरवरून थेट वर्ष काढणं

किटच्या बोटींत नंबर बहुधा आराखड्याबरोबर किंवा किटबरोबर मिळे. मिरर १९६० च्या दशकात घरोघरी बांधली गेली ती अशीच. किट घेतलं एका साली, बोट उतरली पाच वर्षांनी, असं सहज घडे. म्हणजे नंबर सांगतो की बोट या सालाआधीची नाही. त्यापुढचं तो सांगत नाही.

मोजणीचं प्रमाणपत्र, म्हणजे बोट क्लासच्या नियमांत बसते असा दाखला, मिळालं तर त्यावर पहिल्या मोजणीची तारीख शोधा. वरच्या कोपऱ्यातली तारीख अनेकदा मालक बदलल्यावर काढलेल्या नव्या प्रतीची असते. वजनाच्या रकान्यात करेक्टर म्हणजे भरीचं शिसं लिहिलेलं असतं. तेवढं शिसं आज बोटीत आहे का, नसेल तर त्याच्या स्क्रूची भोकं आहेत का, हे ताडून बघा. कागद आणि बोट एकच आहेत याचा हा फार चांगला पुरावा.

पाटीवरच्या संघटनेच्या नावावरून काळाची चौकट मिळते. शिडाच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना १९९६ पर्यंत आयवायआरयू, मग आयसॅफ, आणि २०१५ पासून वर्ल्ड सेलिंग.

अमेरिकेत बांधलेल्या बोटीवर १ नोव्हेंबर १९७२ पासून १२ अक्षरांचा हल ओळख क्रमांक असतो, ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर. पहिली तीन अक्षरं उत्पादकाची, पुढची पाच अनुक्रमाची, शेवटची चार तारखेची. चूक होते ती शेवटच्या चारांत. १९८४ च्या मध्यापर्यंत चालू असलेल्या एका पद्धतीत ती एम ने सुरू होतात, आणि तिथे महिन्याचं ए म्हणजे ऑगस्ट. एम७५ए म्हणजे ऑगस्ट १९७४, मॉडेल वर्ष १९७५. नंतरच्या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी. क्रमांकच नसेल तर बोट त्याआधीची, किंवा दुसऱ्या देशातली, किंवा ट्रान्सम बदललेला.

दुरुस्तीला मूळ समजणं

गोंदाची रेघ बघा. रिसॉर्सिनॉलची रेघ गडद लालसर-तपकिरी असते, युरिया गोंदाची फिकट. एपॉक्सी छोट्या बोटींत सर्रास आलं ते १९७० च्या दशकापासून. १९५० च्या हलमध्ये डेकच्या सांध्यात एपॉक्सी दिसलं तर डेक पुन्हा बसवलेला आहे, आणि डेकच्या आकारावरून काढलेले सगळे निष्कर्ष बाजूला ठेवावे लागतात.

चुकीच्या दारी विचारणं

लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स १८७८ ते १९८० निघत होतं, पण ते मोठ्या यॉटचं. डिंगी त्यात शोधत बसू नका. पहिलं दार क्लास असोसिएशनच्या नोंदी सांभाळणाऱ्याचं. ब्रिटिश बोटींसाठी फॅलमथचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम कॉर्नवॉल आणि काउझचं क्लासिक बोट म्युझियम, अमेरिकन बोटींसाठी मिस्टिक सीपोर्ट. मग क्लबांचे विजेत्यांचे फलक आणि यॉटिंग वर्ल्डसारख्या मासिकांतले निकाल. निकालात बोटीचं नाव चुकीचं छापलेलं असतं, कधी नुसता नंबर आणि सुकाणूवरच्या माणसाचं आडनाव. म्हणून नंबर, नाव आणि आडनाव तिन्हींनी वेगवेगळं शोधा. नावं मालकागणिक बदलतात, नंबर सहसा बदलत नाही.

‘ही बोट ऑलिंपिकमध्ये होती’ असं विकणारा सांगत असेल तर जास्तच सावध राहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या टॉर्कीला झालेल्या शर्यतींत डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी फायरफ्लायमध्ये सुवर्णपदक मिळवलं, पण बोटी आयोजकांनी पुरवलेल्या होत्या. नंबरांची त्या काळची यादी समोर नसेल तर असा दावा कागदावर घेऊ नका.

‘माझ्याकडे जुनी बोट आहे, माहिती द्या’ एवढ्या पत्राला उत्तर येत नाही. लांबी, रुंदी, बांधणीचा प्रकार, सापडलेला प्रत्येक आकडा कुठे सापडला त्या जागेसह, पेन्सिलची छाप, पाट्यांचे फोटो, शिडकऱ्याचं लेबल आणि बोट कुठून आली ते, एवढं पहिल्याच पत्रात द्या. नंबर संशयास्पद असेल तर दोन्ही शक्यता लिहा: १३४ किंवा १८४. जुन्या मालकांचे पत्ते मागू नका, ते कोणी देणार नाही आणि देऊही नयेत. आपलं पत्र न चिकटवलेल्या पाकिटात घालून असोसिएशनकडे पाठवा आणि शेवटच्या नोंदलेल्या मालकाला ते पुढे धाडाल का, असं विचारा.