कोकणातल्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर शेवाळ आणि बुरशी धरू नये म्हणून

दर मे महिन्यात रंग द्यायचा आणि गणपतीला गावी गेलं की भिंत परत हिरवी-काळी, मग शिव्या रंगाच्या कंपनीला. अहो कोकणात पाऊस पडतो अडीच-तीन हजार मिलीमीटर, तिथे नुसता रंग काय करणार? भिंत ओली का राहते ते आधी शोधा, रंगाचं नंतर बघू.

शोधायला सोपं आहे, जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराला एक फेरी मारायची आणि पाणी भिंतीला कुठे लागतंय ते बघायचं. बहुतेक वेळा पन्हळच आंब्या-फणसाच्या पाल्याने तुंबलेली असते आणि पाणी पाइपात जायच्या ऐवजी भिंतीवरून खाली येतं. कधी टाकीचा ओव्हरफ्लो असतो, कधी एसीचा पाइप भिंतीवरच ठिबकत असतो, आणि हे तर पाऊस नसतानाही चालूच. छज्जाच्या खालच्या बाजूला कडेजवळ खाच मारलेली नसेल तर पाणी तिथे तुटत नाही, छज्जाच्या पोटाखालून सरकत सरकत भिंतीपर्यंत पोचतं. गवंड्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे पण कोणी सांगितल्याशिवाय करत नाहीत.

सगळ्यात जास्त मार खाते ती पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत कारण झड तिकडूनच येते. उत्तरेच्या भिंतीचा त्रास वेगळा, पाऊस संपल्यावर थंडीभर तिला ऊन मिळत नाही म्हणून ती वाळतच नाही. पूर्वी पावसाच्या आधी झडीच्या बाजूला नारळाची झापं बांधायचे, आता निळं प्लास्टिक नाहीतर हिरवी जाळी लावतात, चालेल, फक्त भिंतीला चिकटवून लावू नका, वीतभर जागा सोडा. प्लास्टिक चिकटलं की आत घाम धरतो आणि बुरशीची सोयच होते.

भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांना पागोळ्यांचं पाणी आणि लाल मातीचे शिंतोडे लागतात. तिथे कडेने दोनेक फुटांचा खडीचा पट्टा टाका, उतार घरापासून लांब जाईल असा द्या. भिंतीला टेकून रचलेली लाकडं, जुनी कौलं, वर चढवलेले वेल हे सगळं पावसाच्या आधी हलवा, वारा लागला पाहिजे.

आता आधीच धरलेलं असेल तर. डागावर ब्लीचचा थेंब टाकून बघा, एक-दोन मिनिटांत रंग उडाला तर शेवाळ किंवा बुरशी, नाही उडाला तर नुसती धूळ-माती आहे, ती साबणाच्या पाण्याने जाईल. साफसफाई दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत करायची. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाण्याला साधारण 300 ग्रॅम ब्लिचिंग पावडर, ढवळून ठेवायची, गाळ बसला की वरची निवळी घ्यायची, भिंतीला लावून 15-20 मिनिटं थांबायचं, मग नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. हातात ग्लोव्ह्ज, डोळ्याला चष्मा, आणि खालच्या झाडांना आधी साधं पाणी मारून ठेवा नाहीतर पानं जळतात. यात अ‍ॅसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड अजिबात मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो, जिवावर बेतेल. नुसतं अ‍ॅसिडही भिंतीला नको, सिमेंट खातं ते. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजतात आणि वर तांबडे डाग पडतात. प्रेशर वॉशर जुन्या प्लास्टरवर मारलात तर रंगासोबत प्लास्टरही खाली येईल.

रंग द्यायचा तो भिंत पूर्ण वाळल्यावरच. नवीन प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस पाणी मारणं-वाळणं होऊ द्या. मग एक्स्टेरियर प्रायमर आणि बुरशीरोधक एक्स्टेरियर इमल्शनचे दोन हात. शेवाळावरून थेट रंग मारून देणारे पेंटर भेटतात, स्वस्त पडतात, पुढच्या पावसात पोपडे सुटतात. मातीच्या किंवा जुन्या चुन्याच्या भिंतीला मात्र दरवर्षी चुनाच बरा, भिंतीला श्वास घेता येतो आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

उघड्या चिऱ्याला, म्हणजे प्लास्टर न केलेल्या जांभ्या दगडाला, चकचकीत व्हार्निश मारायची फॅशन आलीय, मला नाही पटत, आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे निघतात. त्यापेक्षा सिलेनवालं पाणी झटकणारं बिनरंगी कोटिंग मिळतं ते घ्या, पण चिऱ्यांमधले दर्जे, म्हणजे सांधे, फुटले असतील तर आधी ते भरून घ्या, कारण भेगेतून आत गेलेलं पाणी कोटिंग थांबवू शकत नाही.