अॅडमिनचा पासवर्ड कोणी बदलला? लॉग वाचताना या चुका टाळा

कापसाचा सीझन भरात होता. चोपड्याकडच्या एका जिनिंग मिलमधून सकाळीच फोन आला. "भाऊ, अॅडमिनचा पासवर्ड बदललाय. वजनकाट्यावरच्या पोराचंच काम आहे, सापडलाय तो. तुम्ही फक्त येऊन नवीन पासवर्ड टाकून द्या."

अॅडमिन म्हणजे कॉम्प्युटरवरचे सगळे अधिकार असलेलं खातं. मी म्हटलं, मी येईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावू नका.

पहिली चूक इथेच होते. घाईने नवा पासवर्ड टाकला की "पासवर्ड शेवटचा कधी बदलला" ही तारीख पुसली जाते आणि तिथे आपलीच वेळ येते. शिवाय साध्या विंडोज मशीनवर सिक्युरिटी लॉगची, म्हणजे लॉगिन-पासवर्डच्या घडामोडींच्या नोंदवहीची, मर्यादा मूळची २० एमबी असते. तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणून आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधला लॉग दाखवणारा प्रोग्राम) उघडा, सिक्युरिटी लॉगवर राइट क्लिक करून सगळा लॉग पेनड्राइव्हवर सेव्ह करा. मग पुढचं.

आता नंबर. लॉगमधल्या प्रत्येक प्रकारच्या नोंदीला ठरलेला नंबर असतो. ४७२३ म्हणजे जुना पासवर्ड देऊन स्वतःचा पासवर्ड बदलायचा प्रयत्न. ४७२४ म्हणजे अधिकार वापरून खात्याचा पासवर्ड रीसेट करायचा प्रयत्न. पुष्कळ जण फक्त ४७३८ शोधतात. पण खात्यात काहीही बदल झाला तरी ती नोंद पडते, त्यामुळे एकट्या ४७३८ वरून काही ठरवू नका. ४७२४ मध्ये दोन नावं असतात: 'सब्जेक्ट' म्हणजे ज्या खात्यावरून काम झालं ते, आणि 'टार्गेट' म्हणजे ज्याचा पासवर्ड बदलला ते. ही दोन नावं उलटी वाचून भलत्याच माणसावर आळ आल्याचं मी पाहिलं आहे.

मिलमधली चूक वेगळी होती. मॅनेजरसाहेबांच्या खात्यालाही अॅडमिनचे अधिकार होते, त्यावरून त्यांनी स्वतःच लॉग पाहिला होता. ४७२४ ची नोंद बरोबर शोधली, पण वेळ वाचली ती 'डिटेल्स' टॅबच्या एक्सएमएल दृश्यातून, म्हणजे नोंदीच्या कच्च्या रूपातून. तिथे होतं १७:१८. म्हणजे संध्याकाळचे सव्वापाच, आणि तेव्हा खुर्चीवर वजनकाट्याचा मुलगा. त्यांच्या दृष्टीने हिशेब संपला.

त्या आकड्याच्या शेवटी 'झेड' अक्षर होतं. त्याचा अर्थ ती वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. 'जनरल' टॅबवर तीच नोंद रात्री १०:४८ ची दिसत होती. मुलगा रात्री आठलाच ड्युटी संपवून गावी गेला होता. आता तो बाहेर ओट्यावर बसून होता, चेहरा उतरलेला. कोणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मग रात्री पावणेअकराला कोण? सब्जेक्टमध्ये नाव होतं 'अॅडमिनिस्ट्रेटर', आणि हा पासवर्ड तिघांना ठाऊक. लॉग खात्याचं नाव सांगतो, माणसाचं नाही. म्हणून नोंदीतला लॉगऑन आयडी, म्हणजे त्या लॉगिनला मिळालेला क्रमांक, घ्या आणि त्याच आयडीची ४६२४ ची, म्हणजे लॉगिन झाल्याची, नोंद शोधा. तिथे लॉगऑन टाइप मिळतो: २ म्हणजे मशीनसमोर बसून, ३ नेटवर्कवरून, १० रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून याच मशीनची स्क्रीन वापरून. आमच्या नोंदीत सकाळी ९:१२ ची वेळ आणि टाइप २ निघाला. म्हणजे सकाळी उघडलेलं सेशन (लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं काम) रात्री तसंच चालू राहिलं होतं.

इथे थांबलो असतो, तर सकाळी लॉगिन करणारा पकडला गेला असता. पण स्क्रीन शेअर करणारी सपोर्टची सॉफ्टवेअर्स चालू सेशनच वापरतात, त्यामुळे विंडोजच्या लॉगमध्ये समोर कोणी बसल्यासारखं दिसतं. त्यांची स्वतःची कनेक्शन फाइल वेगळी असते. ती उघडली. रात्री १०:३९ ला बाहेरून जोडणी. अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्याने अपडेट टाकताना पासवर्ड बदलला होता आणि कळवायचं राहिलं होतं. मॅनेजरसाहेब बाहेर गेले, त्या मुलाला आत घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं, बाळा."

घड्याळाचं आणखी एक. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी (आतलं घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल) संपलेली असेल, तर लाइट जाऊन आली की तारीख मागे जाते आणि लॉगमधला क्रम बिघडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइटचा काय भरवसा! वेळ बदलल्याची नोंद ४६१६, तीही पाहा.

पासवर्ड बदललाय, पण ४७२३ नाही आणि ४७२४ ही नाही? दोन शक्यता तपासा. लॉग पुसला असेल तर ११०२ ची नोंद उरते. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून पासवर्ड उडवला असेल, तर विंडोज तेव्हा चालूच नसते आणि नोंद पडत नाही. अशा वेळी मशीन कधी बंद-चालू झालं ते सिस्टिम लॉगमध्ये बघा: ६००६ बंद, ६००५ चालू, ६००८ अचानक बंद. यापासून वाचायचं तर डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, हवं.

डोमेन असलेल्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांची खाती सर्व्हरवरून एकत्र सांभाळणाऱ्या, पतसंस्थांत वा कॉलेजांत एकच सर्व्हर पाहून "नोंद नाही" म्हणू नका. ज्या डोमेन कंट्रोलरने (खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरने; असे अनेक असू शकतात) बदल केला त्याच्याच लॉगमध्ये ती असते. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स असेल, तर अशा नोंदींसाठी उबुंटूत ऑथ-लॉग, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाची फाइल.

लॉगचा आकार आजच वाढवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत; २० एमबीत ते मावणं कठीण. प्रत्येकाला वेगळं अॅडमिन खातं द्या. त्या मिलमध्ये आता तिघांची तीन खाती आहेत, आणि रिमोट सपोर्ट फोन आल्यावरच चालू होतो.