उंदीर-घुशींसाठी पॉइंट टू टू: काडतूस निवडताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीची) रायफलवाले दोनच प्रकारचे भेटतात. एक, क्लबात कागदी लक्ष्यावर नेम धरणारे. दुसरे, आजोबांची रायफल रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतलेले. पहिल्यांना काडतुसातलं सगळं कळतं, पण घुशींशी त्यांचं देणंघेणं नसतं. दुसऱ्यांच्या गोदामात घुशी असतात, डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या असतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "लई माजल्यात हो, कुठली गोळी आणू?" हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पहिली चूक: परवाना आहे म्हणजे सगळं चालतं असं समजणं

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं कलम १३ एकदा शांतपणे वाचा. पीक संरक्षणासाठी त्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा. पॉइंट टू टू रायफल येते ती मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याच्या नेमबाजी सरावासाठी. बाकी प्रकरणांत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सबळ कारण पटवावं लागतं. त्यामुळे तुमच्या परवान्यावर कोणता उद्देश लिहिलाय, किती काडतुसं एका वेळी बाळगता येतात, वर्षाला किती घेता येतात, हे आधी पाहा. उद्देशात शेत किंवा गोदाम बसत नसेल तर तोंडी विचारपूस पुरत नाही, लेखी उत्तर घ्या. शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, हे दोन वेगळे दरवाजे आहेत.

एअरगनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याच्या कटकटीतून सुटते. पण सूट बंदुकीला आहे, समोरच्या प्राण्याला मारायची नाही.

आणि समोरचा प्राणी कोणता, हाच खरा घोळ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पूर्वी पाचवी अनुसूची होती. उंदीर, कावळा, वटवाघूळ यांना तिथे उपद्रवी म्हणून जागा होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. आता उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारची अधिसूचना लागते. "कावळा मारला तर काय होतंय?" असं म्हणणारे अजून जुन्याच कायद्यावर चाललेत. काळवीट, मोर, घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. रानडुक्कर दुसरीत आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनविभागाकडे अर्ज करा आणि पंचनामा करून भरपाई मागा. तसंही रानडुकरावर पॉइंट टू टू चालवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोड करणाऱ्याच्या अंगावर येतं.

नान्नज, मोहोळ, करमाळ्याकडच्या माळरानांना तर आणखी जपायला हवं. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं आहे. त्या पट्ट्यात "उंदरावर झाडली होती" हे कुणी ऐकून घेणार नाही.

म्हणजे उरतो तो घरचा उंदीर आणि गोदामातली घूस. पुढचं सगळं तेवढ्यापुरतंच आहे.

दुसरी चूक: 'टू टू' म्हणजे एकच काडतूस

टू टूची ही काडतुसं रिमफायर असतात, म्हणजे त्यांच्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो. पिन त्या काठावर आपटते. या घराण्यात शॉर्ट आहे, १८५७ पासूनचं. लाँग रायफल आहे, १८८७ पासूनचं, आणि आपल्याकडे 'टू टू' म्हटलं की बहुतेकदा हेच. शिवाय मॅग्नम आहे. मॅग्नमची नळकांडी रुंद असते, त्यामुळे ती लाँग रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, जातच नाही. उलटं मात्र होतं. लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसतं, उडतंही, आणि नळकांडी फाटून गरम वायू मागे येतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा. जुन्या रायफलीवर अक्षरं पुसट झाली असतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर तपासून घ्या. दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.

तिसरी चूक: जास्त वेग म्हणजे जास्त चांगलं

डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' दिसलं की हात तिकडेच जातो. आकडे बघू. नेहमीच्या ४० ग्रेनच्या, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमच्या गोळीचा वेग स्टँडर्ड काडतुसात सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास असतो, हाय व्हेलॉसिटीत ३८० च्या आसपास. ऊर्जा साधारण १४० जूल आणि १९० जूल. वर सांगितलेल्या एअरगनची मर्यादा २० जूल. घुशीसाठी १४० च खूप झाले; वरचे ५० फक्त घुशीच्या मागच्या भिंतीला कळतात.

वेगाचा दुसरा तोटा फारसं कुणी सांगत नाही. आवाजापेक्षा जोरात निघालेली गोळी थोड्याच अंतरात झपाट्याने मंदावते, आणि असा वेग गमावणारी गोळी आडव्या वाऱ्यात जास्त वाहते. सांगोला, मंगळवेढ्याच्या मोकळ्या रानात स्टँडर्ड गोळी हाय व्हेलॉसिटीपेक्षा सरळ जाते. क्लबातले नेमबाज हळू काडतूस उगाच वापरत नाहीत.

आता आवाजाचं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला तो सेकंदाला ३३८ मीटरच्या आसपास असतो, मे महिन्यात ४० अंशाला ३५५ च्या आसपास. त्यामुळे मधल्या वेगाचं एखादं काडतूस उन्हाळ्यात नुसतं 'टप्' करतं आणि थंडीत फटाक्यासारखं तडकतं. "ह्या डब्यातला माल बदलला" अशी तक्रार करण्याआधी थर्मामीटर बघा. एकेका गोळीगणिक आपोआप भरणारी रायफल असेल तर सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू गोळीच्या, काडतुसावर ती अडखळते. मागे ढकलायला पुरेसा जोर नसतो. तो रायफलीचा दोष नाही. बोल्टच्या, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी ओढायच्या, रायफलीला हा त्रास नसतो.

चौथी, आणि सगळ्यात महागात पडणारी: मागे काय आहे ते न बघणं

शिशाची गोल नाकाची गोळी टणक पृष्ठभागावर तिरकी लागली की उसळते. आपल्या जिल्ह्यात टणक पृष्ठभागाला तोटा नाही. बांधावरचा काळा दगड, विहिरीचं बांधकाम, उघडा पडलेला मुरूम, गोदामाची फरशी. विहिरीतलं किंवा शेततळ्यातलं पाणीसुद्धा उथळ कोनात गोळी परत फेकतं. ती कुठे जाईल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. मोकळी सुटलेली लाँग रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीपर्यंतचं अंतर त्याहून कमी असतं.

म्हणून उपद्रवी प्राण्यांसाठी पोकळ टोकाची, म्हणजे हॉलो पॉइंट गोळी बरी. लागल्यावर ती पसरते आणि आत थांबण्याची शक्यता वाढते. उसळणं तिच्याने कमी होतं, बंद होत नाही. मागे भुसभुशीत मातीचा ढीग किंवा काळ्या रानाचा उंच बांध असेल आणि नेम खाली झुकलेला असेल, तरच घोडा दाबायचा. पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच. पत्रा ही आड नव्हे. टू टू त्यातून आरपार जाते आणि पलीकडे गोठा असतो.

'रॅट शॉट' नावाची बारीक छर्ऱ्यांची टू टू काडतुसंही असतात. नाव ऐकून लोक हुरळतात. चार-पाच मीटरच्या पुढे छर्रे विखुरतात आणि घूस नुसती जखमी होते.

निष्काळजीपणे गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नेम चुकतोय? काडतुसाला शिव्या देण्याआधी

सर्वात जास्त येणारी तक्रार: "रेंजवर पन्नास मीटरला बरोबर लागतं, गोदामात आठ मीटरवर उंदीर सुटतो." दुर्बीण नळीच्या साधारण चार सेंटिमीटर वर बसवलेली असते. पन्नास मीटरला जुळवलेली रायफल आठ मीटरवर दोनेक सेंटिमीटर खाली मारते, आणि उंदराचं डोकं तेवढंच असतं. तीच रायफल शंभर मीटरवर पंधरा सेंटिमीटरहून जास्त खाली जाते. ज्या अंतरावर काम आहे त्या अंतरावर, रेंजवरच, कागदावर बघून घ्या.

एका रायफलीला आवडणारं काडतूस दुसरीला आवडेलच असं नाही. दोन-तीन प्रकार घेऊन प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या कागदावर झाडा. छिद्रांचा सगळ्यात लहान झुबका ज्याचा, ते तुमचं. मग शक्यतो त्याच बॅचचे डबे घ्या. काडतूस बदललं की नळीतला मेणाचा थर बदलतो, त्यामुळे पहिल्या काही गोळ्यांवरून मत बनवू नका.

घोडा दाबला आणि फुसका निघाला, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा मंद आला तर ताबडतोब थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते बघा. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते.

साठवण: कुलूपबंद, कोरडी, थंड जागा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत नको. मेण वितळतं, त्याला माळाची धूळ चिकटते आणि ती धूळ नळीत जाते. नळकांडीवर हिरवा थर आलेली जुनी काडतुसं वापरू नका, विहिरीत टाकू नका, जाळूही नका. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून जमा करा.

आणि तरीही उंदीर कमी होत नाहीत

होणारच नाहीत. मादी तीन आठवड्यांत पिल्लं घालते आणि उंदीर बाहेर पडतो रात्री. गोळीने एक-दोन मारता येतात, वस्ती हटवता येत नाही. ज्वारीची पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब ठेवा, दाराखालची फट बंद करा, कडब्याची गंजी गोदामाला चिकटवून रचू नका. बिळं संध्याकाळी बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. आमिष फक्त तिथे. झिंक फॉस्फाईड वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड, थोडं तेल लावून, खाऊ घाला. नाहीतर उंदीर एकदा चाखून सावध होतो. विषारी आमिष हातमोजे घालूनच हाताळा. मुलं, कुत्री, कोंबड्या आणि पाणी यांपासून लांब ठेवा, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सावकाश काम करतात, पण घरालगत त्याच बऱ्या.

आणि गोदामात धामण दिसली तर काठी घेऊन धावू नका. ती उंदीर खाते, बिनविषारी आहे आणि कायद्याने संरक्षितही.