जुनं स्वयंपाकघर न तोडता नवं कसं करावं: कपाटांना रंग आणि नवा ओटा

सिंकखालचं दार उघडा आणि तळाच्या फळीवर अंगठ्याने जोर देऊन पाहा. फळी टणक लागली तर नवी कपाटं करायची गरज नाही, रंग आणि नवा ओटा एवढ्यावर काम भागेल. अंगठा रुतत असेल किंवा कडेने भुसा सुटत असेल, तर तेवढा भाग आधी बदलून घ्या. पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगला की पूर्ववत होत नाही, आणि फुगलेल्या फळीवर कोणताही रंग टिकत नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट पकड घेतात का, हेही याच वेळी बघून घ्या.

कामाचा क्रम

कपाटं आधी चकाचक रंगवायची आणि मग ओटा बदलायचा, हा क्रम टाळा. जुना दगड निघताना धूळ उडते, कडांना टवके पडतात आणि नव्या रंगाची वाट लागते. आधी पाणी, वीज आणि गॅस बंद करून जुना ओटा काढा. गॅसची जोडणी मात्र जाणकाराकडूनच काढून घ्या. मग कपाटं लेव्हलमध्ये आणा आणि नव्या ओट्याचं माप द्या. दगड कापून येईपर्यंतचे दिवस साफसफाई, प्रायमर आणि पहिल्या हातासाठी वापरा. कपाटांच्या सांगाड्यांवरचा शेवटचा हात ओटा बसल्यावर मारायचा, म्हणजे बारीकसारीक ओरखडे त्यातच झाकले जातात.

दारं उतरवा, तेलकटपणा काढा

प्रत्येक दार उतरवताना त्याला नंबर द्या. तो बिजागरीच्या खोबणीत लिहा आणि वर टेप चिकटवा, म्हणजे रंगाखाली जाणार नाही. त्या दाराचे स्क्रू आणि बिजागऱ्या त्याच नंबरच्या पिशवीत ठेवा. हँडल बदलणार असाल तर दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. बाजारात ९६ आणि १२८ मिलिमीटरची हँडलं सर्रास मिळतात. माप जुळलं तर उत्तम, नाहीतर जुनी भोकं आत्ताच लांबी (पुट्टी) भरून बुजवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. स्वयंपाकघरातल्या दारांवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो, त्याच्याखाली राहिलेल्या तेलाच्या थराचा असतो. शेगडीच्या वरची आणि आजूबाजूची दारं, आणि हँडलभोवतीची जागा इथे हा थर सर्वांत जाड असतो. कोमट पाण्यात चिकटपणा काढणारं क्लीनर किंवा भांड्यांचं लिक्विड घालून घासा, खोबणीत जुना टूथब्रश फिरवा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा. शेवटी कोरडं पांढरं फडकं दाबून फिरवा. त्यावर पिवळट झाक आली तर पुन्हा घासायचं. फडकं पांढरंच राहिलं की पुढे जा. या कामाला एक अख्खा दिवस गेला तरी तो सत्कारणी लागला, असं मी मानते.

पॉलिश पेपर आणि प्रायमर

१५० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. जुना थर खरवडायचा नसून फक्त चकाकी घालवायची आहे. घर बरंच जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. अशा वेळी चाचणी झाल्याशिवाय कोरडं घासू नका, ती धूळ लहान मुलांसाठी फार घातक असते.

सनमायकावर साधा प्रायमर धरत नाही, गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटणारा खास बाँडिंग प्रायमरच लागतो. लाकडी दारांवर फिकट रंग देणार असाल तर डाग रोखणारा, लाखेवर आधारलेला प्रायमर घ्या, नाहीतर लाकडातला टॅनिन काही दिवसांत पिवळे-तपकिरी डाग होऊन वर येतो.

सगळी दारं करण्याआधी एका दाराच्या आतल्या बाजूला प्रायमरचा पट्टा मारा. डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका सुकू द्या, ब्लेडने जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेषा मारा, त्यावर टेप घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. टेपला प्रायमर चिकटून आला तर साफसफाईत किंवा प्रायमरच्या निवडीत चूक आहे, आणि ती एकाच दारावर कळली हे बरंच झालं.

रंग

भिंतीचा इमल्शन कपाटांना लावू नका. तो पुरेसा कडक होत नाही, बंद दार सांगाड्याला चिकटून बसतं. पाण्यात मिसळणारा इनॅमल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या. आधी ब्रशने खोबण्या, मग लगेच बारीक फोमच्या रोलरने सपाट भाग. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. मध्ये २२० नंबरचा पेपर फिरवून धूळ पुसा. दाराची मागची बाजू आधी रंगवा, पुढची नंतर, आणि खालची कड विसरू नका, कारण पाणी तिथूनच आत शिरतं.

ओट्याची निवड

ग्रॅनाइट उष्णता आणि ओरखडे सहन करतं, पण ते सच्छिद्र असल्याने सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, लावावा लागतो. पाण्याचे थेंब टाकून पाहा, काही मिनिटांत दगड काळपट झाला तर सीलर पुन्हा लावायची वेळ झाली. क्वार्ट्झला, म्हणजे क्वार्ट्झ खनिजाचा चुरा राळेत घट्ट करून बनवलेल्या कृत्रिम दगडाला, सीलर लागत नाही. मात्र या राळेमुळे शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं तर कायमचा डाग पडू शकतो. संगमरवर दिसायला देखणा, पण लिंबाचा रस सांडला की चकाकी जाते. रोज राबणाऱ्या ओट्यासाठी मी तो सुचवणार नाही.

क्वार्ट्झ घरात कोरडं कापू देऊ नका. त्यात साधारण ९० टक्के क्वार्ट्झ खनिज असतं आणि कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी आणली. कारखान्यात पाणी सोडत कापलेला दगड आणवा. कापणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

माप आणि बसवणं

भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून फूटपट्टीच्या मापावर न थांबता पातळ प्लायचा साचा करून घ्या. ओट्याची उंची कोपराच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली असली की पाठ दुखत नाही. ज्यांच्या हातून रोजचं काम होतं, त्यांना उभं करून ती ठरवा.

२० मिलिमीटर जाडीचं ग्रॅनाइट दर चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतं, तेव्हा सांगाडे भिंतीला आणि एकमेकांना स्क्रूने पक्के जोडलेले हवेत. दगड नेहमी उभा न्यायचा, आडवा धरला तर सिंकच्या भोकापाशी तडकतो. त्या भोकाचे कोपरे गोलाकार कापून घ्या, तडा टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. जोड सिंकवर येऊ देऊ नका. भिंतीशी दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ती सिलिकॉनने भरा आणि २४ तास तिथे पाणी लागू देऊ नका.

सांगाड्यांवर शेवटचा हात मारून तो सुकला की दारं नंबरानुसार लावा आणि प्रत्येक दाराच्या आतल्या कोपऱ्यांत रबरी ठिपके चिकटवा. रंग हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर दारं फक्त मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसा, घासणी अजिबात लावू नका.