डोंगराखालच्या वस्तीने दरडीची चाहूल कशी ओळखावी?

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यामुळे ‘आमचं नाव यादीत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

1. पावसाळ्याआधी वरच्या उतारावर चक्कर मारा. सह्याद्रीत कातळावर मातीचा थर असतो. पाणी मुरून तो जड होतो, त्याची पकड सुटते आणि थरच्या थर खाली येतो. उतार तोडून केलेलं सपाटीकरण, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, तुंबलेले चर यांच्याकडे आधी बघा. चर मोकळे करणं एका दिवसाचं काम आहे, पण नेमकं तेच राहून जातं.

2. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर टेपने मोजून तारखेसह वहीत लिहा. भेगेत पाणी शिरू नये म्हणून चिकणमाती दाबून भरा, वर ताडपत्री टाका. अंतर वाढतंय असं दिसलं की पोलीस पाटील, तलाठी आणि तहसीलदारांना लेखी कळवा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

3. पाऊस लागून राहिला की रोज बघा: विजेचा खांब किंवा झाड कललंय का, दार अचानक घट्ट बसतंय का, कोरड्या जागी उपळ (जमिनीतून पाण्याचा झरा) फुटलाय का. ओढा एकाएकी गढूळ झाला, किंवा पाऊस चालू असताना त्याचं पाणी कमी झालं, तर वर काहीतरी अडलंय. यातलं एकही दिसलं तर थांबू नका.

4. निघायचं ते शक्यतो उजेडातच. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव सकाळी गाडलं गेलं, इर्शाळवाडी रात्री. ‘उद्या बघू’ म्हणायला सवड मिळत नाही. जिथे जायचं ती शाळा किंवा समाजमंदिर दरडीच्या वाटेत नाही ना, हे आधीच बघून ठेवा. म्हातारी माणसं आणि पोरं आधी न्या, गुरांची दावी सोडा. ओढ्याकाठची वाट टाळा.

5. गडगडाट ऐकू आला तर दरडीच्या वाटेतून आडवे, बाजूला पळा. मग 112 वर किंवा जिल्ह्याच्या 1077 वर फोन करा. भांडीकुंडी काढायला परत जाऊ नका, एका दरडीमागून दुसरी येऊ शकते. अधिकाऱ्यांनी पाहणी करून सांगितल्यावरच घरी परता.