थिअरेटिकल फिजिक्सचा पेपर लिहिताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मराठी माध्यमात दहावी करून एमएस्सी फिजिक्सपर्यंत पोचलेली आपली मुलं गणितात कच्ची नसतात. बेळगावात त्यांचे मसुदे वाचताना जाणवतं, की घोडं अडतं ते लिहिण्यात.

सगळ्यात महागात पडतं ते एककं आणि चिन्हांचे संकेत सुरुवातीलाच न सांगणं. एच-बार (प्लांक स्थिरांक भागिले दोन पाय, म्हणजे 2π), सी (प्रकाशाचा वेग), जी (गुरुत्व स्थिरांक) आणि बोल्ट्झमन स्थिरांक १ धरले, की कृष्णविवराचं हॉकिंग तापमान (ते ज्या तापमानाच्या वस्तूसारखं किरण सोडतं ते) 'एक भागिले आठ पाय एम' एवढंच उरतं; एम म्हणजे वस्तुमान. आकडा काढायचा तर ते परत घाला: वर एच-बार आणि सीचा घन, खाली आठ पाय, जी, एम आणि बोल्ट्झमन स्थिरांक. आता सूर्याएवढं वस्तुमान घाला. उत्तर १ केल्विनच्या कोटीव्या भागाहूनही कमी यायला हवं. काही केल्विन आलं, तर एखादा स्थिरांक निसटलाय. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तरी बहुतेक जण ती करत नाहीत.

मेट्रिकचंही, म्हणजे अवकाश-काळातलं अंतर मोजायच्या सूत्राचंही, तसंच. काळाला उणे की अवकाशाला, हे पहिल्याच पानावर लिहा. एका संकेतात चतुःसंवेगाचा (ऊर्जा आणि संवेग मिळून बनलेल्या राशीचा) वर्ग अधिक एम-वर्ग येतो, दुसऱ्यात उणे. दोन वेगळ्या पेपरांतली सूत्रं न बघता एकत्र केली, की एखाद्या पदाचं चिन्ह गुपचूप उलटतं आणि पुढचं सगळं बिघडतं. उत्तरात दोन किंवा दोन पाय पटीचा फरक येत असेल, तर आधी फूरिअर रूपांतराचा (फलन लहरींत उकलण्याच्या रीतीचा) संकेत बघा, मग बेरजेत कणांच्या जोड्या दोनदा मोजल्यात का ते.

'लहान कोनासाठी' एवढं लिहून भागत नाही. किती लहान? साध्या लंबकाच्या आवर्तकालाचं नेहमीचं सूत्र २० अंशांच्या आयामाला एक टक्क्याहून कमी चुकतं, ६० अंशांना सुमारे सात टक्के. तुमचं अंदाजी सूत्र कुठवर चालतं, ते आकड्यात सांगा. आणि 'हे सहज दिसून येते' हे वाक्य खोडाच. चूक नेमकी तिथंच दडलेली असते. पायऱ्या लांबत असतील तर परिशिष्टात द्या.

लॅम्डा एकदा तरंगलांबी, एकदा आयगेनमूल्य, असं करू नका. सारांश शेवटी लिहा. त्यात 'अभ्यास केला' नको, काय सापडलं ते हवं.

इंग्रजीची धास्ती मी समजू शकतो. पण त्यापायी दुसऱ्यांच्या पेपरातली लांबलचक वाक्यं उचलू नका. अख्खा युक्तिवाद आधी मित्राला मराठीत सांगा. तो जिथं 'थांब, हे कुठून आलं?' म्हणेल, तिथं तुमचं एखादं गृहीतक लिहायचं राहिलेलं असतं. ते भरून घ्या, मग छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत उतरवा.

आर्काइव्हवर (arXiv, संशोधकांचे पेपर सर्वांना खुले ठेवणारं संकेतस्थळ) पहिल्यांदाच पेपर टाकत असाल, तर त्या विषयात आधी लिहिलेल्या कुणाची तरी शिफारस लागू शकते. गाईडशी त्याबद्दल मसुदा चालू असतानाच बोला.