गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त : पावसाळ्यात या चुका टाळा

आमचा कालू देशी कुत्रा. साडेचार वर्षांचा होईपर्यंत त्याला कधी साधा तापही आला नव्हता. त्या वर्षी पावसाळाभर मी रोज संध्याकाळी त्याला जवळ घेऊन बसायचे. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याच्या पट्ट्याखाली शोधून शोधून गोचिड्या काढायचे. कधी 5 निघायच्या, कधी 20. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने सकाळची पोळी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले, ते त्याच्या नाकातून आले होते. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट 30,000 च्या खाली गेल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण 2 लाखांच्या वर असतात.

त्याला गोचिडताप झाला होता, म्हणजे गोचिडीतून रक्तात येणाऱ्या जंतूंचा आजार. कालू वाचला. पण त्या महिनाभरात डॉक्टरांनी जे जे विचारलं, त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी कष्ट भरपूर केले होते, पण ते चुकीच्या जागी आणि उशिरा. पावसाळ्यातले कुत्र्या-मांजरांचे बहुतेक आजार असेच घडतात. डोळ्यांना दिसतं त्याच्यामागे आपण धावतो आणि मूळ दुसरीकडेच असतं.

अंगावरच्या काढल्या, म्हणजे गोचिड्या संपल्या

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास सापडते ती तपकिरी गोचीड. तिच्या आयुष्यातला फार थोडा काळ ती कुत्र्यावर असते. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात जाऊन अंडी घालते. ही अंडी हजारांत असतात, कधी 4,000 पर्यंत. त्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, कात टाकतं, पुन्हा चढतं. मोठं होईपर्यंत हे असंच चालतं. उबदार हवेत हा सगळा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. म्हणजे जूनमध्ये निसटलेल्या एका मादीची प्रजा सप्टेंबरात घरभर झालेली असते. ऑक्टोबरात दवाखाने का भरतात, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

ही गोचीड वर चढते. त्यामुळे पडद्याच्या वरच्या कडेला, छताजवळच्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या फ्रेममागे बघा. मी चार महिने फक्त कालूचं अंग बघत होते. घड्याळामागे एकदा हात घातला असता तरी सगळं कळलं असतं. फटी पुट्टीने बुजवा, त्याचं अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, फर्निचर सरकवून व्हॅक्यूम मारा. पेस्ट कंट्रोल करणार असाल तर घरात मांजर किंवा माशांची टाकी आहे हे आधी सांगा. गोचिडीवर मारतात त्यातली बरीच औषधं मांजरांना आणि माशांना विषारी असतात.

रोज संध्याकाळी गोचिड्या काढणं चांगलंच, पण तेवढ्यावर विसंबू नका. एर्लिकिया नावाचा जंतू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. सकाळच्या फेरीत चढलेली गोचीड संध्याकाळी काढली, तोवर तिने आपलं काम केलेलं असू शकतं. काढतानाही चिमटा कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल ओतणं, काडी पेटवून चटका देणं, नखांवर चिरडणं, यातलं काहीही करू नका.

खरा बचाव म्हणजे वजनानुसार आणि वेळेवर दिलेलं औषध. चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर पुरतात, काही सुमारे 12 आठवडे. मानेवर सोडायचे थेंब मिळतात. गळ्याचे पट्टेही असतात. कुत्र्याला पूर्वी फीट आली असेल तर गोळी निवडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. थेंब घातले असतील तर आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. आणि सुरुवात मे महिन्यात, गोचीड दिसायच्या आधी. पाऊस थांबला की औषध बंद करणारे पुष्कळजण असतात. आपल्याकडची थंडी घरातल्या गोचिडीला मारण्याइतकी कडक नसते. कोकणात, मुंबईत तर हा बाराही महिन्यांचा मामला आहे.

इथे एका घरगुती उपायाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोचिड्या येऊ नयेत म्हणून कुत्र्याच्या भातात लसूण घालतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, मांजराच्या तर आणखी सहज. गोचिडीतून येणारा बॅबेसिया हा परजीवीही त्याच पेशी फोडतो. म्हणजे ज्या आजारापासून वाचवायचं, त्याच्याच मदतीला आपण लसूण पाठवतो.

कुत्र्याचं औषध मांजराला

आमच्या शेजारच्या काकूंकडे एक कुत्रा आणि एक पांढरी मांजर होती. कुत्र्यासाठी आणलेल्या थेंबांतले दोनच थेंब त्यांनी मायेने मांजराच्या मानेवर सोडले. रात्री मांजर थरथरू लागली, तोंडाला फेस आला, सकाळपर्यंत सगळं संपलं. काकूंनी अनेक दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. चूक त्यांच्या निष्काळजीपणाची नव्हती. कोणी सांगितलंच नव्हतं.

कुत्र्यांच्या अनेक थेंबांत आणि फवाऱ्यांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही, त्यामुळे ते अंगात साचत जातं. कुत्र्याला असे थेंब घातल्यावर ते पुरते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका, त्याला चाटू देऊ नका. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. लक्षणं दिसायची वाट बघू नका. गुरांच्या गोचिडांसाठी दुकानात मिळणारं औषध बादलीत अंदाजाने मिसळून कुत्र्याला अंघोळ घालणं हीसुद्धा मोठी चूक, आणि त्याच घरात मांजर असेल तर दुप्पट मोठी.

पावसाळ्यात वास घालवायला फरशी फिनेलने पुसली जाते. मांजर त्यावरून चालते आणि पंजे चाटते. फिनेल, डेटॉलसारख्या द्रवांतले घटक मांजराला सोसत नाहीत. पुसायचंच असेल तर नंतर साध्या पाण्याने एक हात फिरवा आणि फरशी वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा.

ताप आला, गोळी दिली

कुत्र्या-मांजराच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा मुळातच जास्त, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. नाक गरम लागलं म्हणजे ताप, गार लागलं म्हणजे बरं, हे खरं नाही. घरात एक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि गुदद्वारातून ताप मोजायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. 103 च्या वर गेलं की फोन करा.

आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मांजराला देणं म्हणजे विष देणं. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही आपली वेदनाशामकं दिली तर पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. गोचिडतापात प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात, तेव्हा तर हे फारच महागात पडतं.

औषध सुरू झाल्यावरची चूकही सांगते, कारण ती मी करता करता राहिले. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 28 दिवस देतात. कालू चौथ्या दिवशी शेपूट हलवत ताटाशी आला आणि मला वाटलं, झालं. तिथे औषध थांबवलं असतं तर जंतू अंगात दबून राहिले असते आणि काही महिन्यांनी पुन्हा वर आले असते. दुसरं म्हणजे, गोळी दह्यात किंवा पनीरमध्ये लपवून देऊ नका. दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषलं जातं. थोड्या भातात किंवा चिकनच्या तुकड्यात द्या आणि वर पाणी पाजा. मांजराला कोरडी गोळी घशात टाकून सोडून देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

रक्ताच्या काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही, असंही नाही. बॅबेसिया त्या एका थेंबात सापडेलच असं नसतं. लक्षणं बोलत असतील तर पीसीआर चाचणीबद्दल विचारा.

डबक्यातलं पाणी आणि चुकलेली लस

लेप्टो हा शब्द मुंबईकरांच्या मनात 26 जुलै 2005 च्या पुरानंतर पक्का बसला. त्या पुरानंतर माणसांत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. हाच आजार कुत्र्यांनाही होतो. उंदरांच्या लघवीतून जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून, तोंडातून, डोळ्यांतून आत शिरतात. मूत्रपिंड आणि यकृत दोन्हीवर घाला घालतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे “पिल्लू असताना सगळ्या लसी झाल्यात” या समाधानावर राहणं. लेप्टोच्या लसीचं संरक्षण साधारण वर्षभर टिकतं. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, नंतर दरवर्षी एक. लसीला काम सुरू करायला वेळ हवा, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये व्हावी. पहिला पाऊस पडल्यावर धावपळ करून उपयोग कमी. लसपुस्तिका उघडा आणि शेवटच्या डोसची तारीख बघा. वर्षाहून बराच काळ लोटला असेल तर पुन्हा दोन डोस लागतात का ते विचारा.

आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा जंतू घरातल्या माणसांनाही होतो. हातमोजे घालूनच पुसा, जागेवर ब्लीचिंगचं पाणी टाका, मुलांना लांब ठेवा. त्या दिवसांत घरात कोणाला ताप आला तर कुत्र्याच्या आजाराबद्दल आपल्या डॉक्टरांनाही सांगा.

ओलं अंग, तेल आणि मलमं

फिरून आल्यावर पाठ पुसली जाते आणि बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात. खाज तिथूनच सुरू होते. ओला पट्टा काढून ठेवा. घरात आल्यावर रेनकोटही अंगावर ठेवू नका. केस दाट म्हणून जर्मन शेफर्डसारख्या कुत्र्याचं मुंडण करू नका. पोटाखालचे आणि पंजांमधले केस कापले तरी पुरे.

खाजेवर खोबरेल तेल चोळायची आपली जुनी सवय आहे. पण पावसाळ्यात कानात आणि कातडीच्या घड्यांत वाढणारी मॅलासेझिया नावाची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते. कानात तेल तर मुळीच नको, लॅब्राडॉर किंवा कॉकरसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत तर अजिबातच नको. औषधी शाम्पू दिला असेल तर फेस करून 10 मिनिटं अंगावर राहू द्या, मग धुवा. लगेच धुतला तर पैसे वाया गेले म्हणून समजा. मांजराच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते मुलांना लागतं. आपल्यासाठी आणलेलं खाजेचं स्टेरॉइड असलेलं मलम त्यावर लावलं की बुरशी आणखी पसरते.

जखमेत अळ्या

ओल्या हवेत माश्या जखमेवर अंडी घालतात आणि दिवसा-दोन दिवसांत अळ्या होतात. लांब केसांच्या कुत्र्यात वास येईपर्यंत ते कळतच नाही. मग टर्पेंटाइन, फिनेल, पेट्रोल, डांबरगोळीची पूड, जे हाती लागेल ते ओतलं जातं. यातलं प्रत्येक द्रव्य उघड्या मांसाला जाळतं, आणि जनावर चाटून ते पोटातही घेतं. सलाइनने जखम धुवा, भोवतालचे केस कापा, माशी बसू नये म्हणून स्वच्छ कापडाने सैल झाका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठीही हेच.

बेडकाला तोंड लावून कुत्रा भसाभस लाळ गाळू लागला तर डोकं खाली, एका बाजूला ठेवून तोंड पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. साप चावल्याची शंका असेल तर बांधणं, चिरणं काही करू नका, सरळ निघा. माणसांसाठीचं सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) कुत्र्यालाही देतात.

केव्हा थांबू नये

हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, नाकातून रक्त आलं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठले, तर सकाळची वाट बघू नका. मांजराने दोन दिवस काही खाल्लं नाही, तर त्याचा परिणाम थेट यकृतावर होतो. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, तर हातात काही तासच आहेत.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत उपचार होतात. निघताना लसपुस्तिका, लघवीचा किंवा उलटीचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि घरी जे काही दिलं किंवा लावलं असेल त्याचा खोका, हे तीन बरोबर घ्या. लसूण दिला असेल, थेंब घातले असतील, गोळी दिली असेल, तर रागावतील म्हणून लपवू नका. उपचार नेमके कुठून सुरू करायचे ते डॉक्टरांना त्यावरूनच ठरवता येतं.